न मागितलेल्या मालाचे बिल

पवनेकाठच्या पिंपळे सौदागरात इतिहासावर बोलावयाचे म्हटल्यावर श्रोत्यांची अपेक्षा स्वाऱ्यांची आणि तहांची असणार, हे आम्ही जाणून आहो. तथापि येथील घराघरांत दोन-दोन, तीन-तीन मोबाईल फोन नांदतात, आणि त्यांच्या बिलांनाही इतिहास आहे. त्या इतिहासातील एकाच गोष्टीचा विचार आज करावयाचा आहे: जो माल आपण मागितला नाही, त्याचे पैसे बिलात कसे शिरतात आणि ते परत कोणाकडे मागावयाचे.

या व्यवहारात पक्ष तीन. एक ग्राहक, दुसरी टेलिफोन कंपनी आणि तिसरा गाणी, विनोद, राशिभविष्य किंवा क्रिकेटच्या धावा विकणारा व्यापारी. या तिसऱ्याने स्वतःचे बिल टपालाने धाडले असते तर ते केराच्या टोपलीत गेले असते. परंतु त्याची रक्कम टेलिफोनच्या बिलात बसली की ती टाळता येत नाही, कारण ते बिल न भरावे तर फोनच बंद पडतो. दुसऱ्याच्या पतीवर आपले येणे वसूल करण्याची ही युक्ती आहे, आणि तिचे सारे बळ रक्कम लहान असण्यात आहे. महिन्याला तीस रुपयांसाठी कामावरची रजा कोण काढणार?

सरकारी टेलिफोनच्या काळात तिसरा पक्ष नव्हता, पण अंधार होताच. बिलात मीटरचा आरंभीचा आकडा, अखेरचा आकडा आणि त्यांतील फरक एवढेच असे. कोणता कॉल कोणास केला, याचा पत्ता नसे. म्हणून सावध गृहस्थ डायलच्या भोकाला लहानसे कुलूप लावीत. ते कुलूप शेजाऱ्यापासून बचाव करी. मीटरपासून करीत नसे.

देशातील पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस झाला. त्या वेळी आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला, बोलण्याचे दर घसरत गेले, आणि कंपन्या उत्पन्नाच्या अन्य वाटा शोधू लागल्या. ‘मूल्यवर्धित सेवा’ असे भारदस्त नाव धारण करून ती वाट आली. ध्वनिमुद्रित आवाजाचा फोन येई आणि एक आकडा दाबण्यास सांगे. पडद्यावर अकस्मात चौकट उगवे आणि ती घालविण्यासाठी बोट लावावे तर तीच संमती ठरे. मिळालेल्या पैशांत कंपनीचा वाटा मोठा असे, म्हणून दाराशी उभ्या असलेल्या या पाहुण्यास हटकण्याची तिला घाई नव्हती. त्यातून आपल्याकडील बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरणारे, म्हणजे त्यांस बिलच नाही. शिलकीतून रक्कम वजा होई आणि कागदाचा पुरावा मागे राहत नसे.

हा रोग केवळ आपला नव्हे. अमेरिकेत त्यास ‘क्रॅमिंग’, म्हणजे बिलात कोंबणे, असे नाव आहे. तेथे महिना ९.९९ डॉलर अशी रक्कम बहुधा असे. २०१४ मध्ये एटी अँड टी कंपनीने या प्रकरणी १०५ दशलक्ष डॉलर देण्याचे मान्य केले. अशा प्रत्येक वसुलीतील किमान ३५ टक्के ती स्वतःकडे ठेवीत असल्याचा सरकारी आरोप होता.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ४ जुलै २०११ रोजी आदेश काढला: सेवा सुरू झाल्यापासून चोवीस तासांत ग्राहकाची स्पष्ट संमती मिळवावी, न मिळाल्यास पैसे घेऊ नयेत. २०१२ च्या नियमांनी आगाऊ पैसे भरणाऱ्यासही, पन्नास रुपयांच्या आतील शुल्कात, तपशीलवार हिशेब मागण्याचा हक्क दिला. (आपलाच हिशेब पाहण्यास पैसे का पडावे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.) १० जुलै २०१३ च्या आदेशाने दुहेरी संमती सक्तीची केली आणि सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांना मिळून १५५२२३ हा एकच क्रमांक ठरविला. या आदेशांचे मर्म एकच की, ‘मी मागितले नाही’ हे ग्राहकाने सिद्ध करावयाचे नसून ‘त्याने मागितले’ हे घेणाऱ्याने दाखवावयाचे.

हे तत्त्व पुणे जिल्ह्यास नवे नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यांस तीन वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा सावकार दर खेपेस व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. हाती रक्कम पडण्याआधीच ‘मनोती’ कापली जाई, आणि निरक्षर कुणबी न वाचलेल्या कागदावर निशाणी करी. तीही संमतीच म्हणावयाची! १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा लोकांचा मुख्य रोख रोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते मिळवून जाळण्यात आले. चौकशी झाली, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्कही ऋणकोस मिळाला.

परंतु हक्क लिहिला तरी तो ऐकून घेणारे आसन लागते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि लहान रकमेच्या गाऱ्हाण्यास मंच मिळाला. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र असा निर्णय दिला की, टेलिफोन बिलाचा वाद १८८५ च्या तार कायद्यान्वये लवादाकडेच न्यावा. ज्या वर्षांत न मागितलेल्या सेवांचा सुळसुळाट झाला, नेमक्या त्याच वर्षांत हे दार लोटले गेले. तीस रुपयांसाठी केंद्र सरकारकडे लवाद मागण्यास जाणारा ग्राहक आमच्या तरी पाहण्यात नाही.

ते दार उघडले अहमदाबादच्या एका ग्राहकाने. त्याचे बिल सरासरी ५५५ रुपये येई. २०१३ च्या अखेरीस एका महिन्याचे चोवीस हजारांवर आले. २०१४ मध्ये त्याने जिल्हा मंचाकडे तक्रार केली. मंचास अधिकारच नाही, असा आक्षेप घेऊन कंपनी राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निर्णय दिला की, तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक मंचाचा अधिकार बुडत नाही. जवळजवळ आठ वर्षे वाद चालला, तो तक्रार कोणी ऐकावयाची यावर. बिल खरे की खोटे, याचा निवाडा त्यानंतर व्हावयाचा होता.