पश्चिम भारतातील फुटबॉल क्लब : वेतन, मालकी आणि प्रेक्षक

पश्चिम भारतातील फुटबॉलचा इतिहास हा प्रामुख्याने उद्योगसमूहांच्या आश्रयाचा इतिहास आहे. टाटा, मफतलाल, एअर इंडिया यांच्या संघांत खेळाडूस नोकरीचा आधार असे. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाल्यानंतर करारबद्ध व परदेशी खेळाडूंवरील खर्च वाढत गेला. तिकीटविक्रीतून तो भागणे अशक्य होते. तूट मालकच भरून काढीत. परिणामी क्लबचे आयुष्य मैदानावरील यशापेक्षा मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहिले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची लीग जिंकली, तरी २०१० मध्ये हा संघ बंद झाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगचे उपविजेतेपद मिळविणारा पुणे एफसी २०१५ नंतर त्या स्पर्धेत दिसला नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोने, तसेच साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्यातील क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली; इंडियन सुपर लीगला अग्रस्थान देण्याची महासंघाची योजना त्यांना अमान्य होती. जर्मनीत १९९८ पासूनच्या नियमानुसार क्लबमधील बहुमत सामान्यतः सभासदांकडे राहते. येथील प्रेक्षकास निष्ठा होती, मताधिकार नव्हता. त्याच्या वैफल्याचे मूळ पराभवात नसून या अधिकारशून्यतेत आहे, असे म्हणावे लागते.