हायड्रोजननं चाळलेला उजेड

अमावास्येलाही आकाश पुरतं काळं नसतं. वरच्या हवेतले अणू दिवसा साठवलेली ऊर्जा रात्रभर सोडत राहतात, आणि त्यांची फिकट हिरवी प्रभा जमिनीवरून मोजता येते. अतिनील उजेडाचं तसं नाही. 300 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी ओझोन आणि ऑक्सिजन वाटेतच शोषून घेतात. त्या मोजायच्या तर यंत्रच वर न्यायला हवं.

ऑक्टोबर 1946 मध्ये रिचर्ड टाउझींनी जर्मनांकडून हाती आलेल्या व्ही-2 रॉकेटमधून सूर्याचा अतिनील वर्णपट टिपला. रात्रीच्या मंद उजेडाला मात्र याहून कितीतरी संवेदनशील उपकरण लागणार होतं. टाउझी जिथे काम करत, त्या अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतच हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटानं ते घडवलं.

त्याचा साधेपणा मला आजही थक्क करतो. नायट्रिक ऑक्साइड भरलेली बंद डबी, तिला लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकाची खिडकी. 105 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी खिडकी अडवते. 134 पेक्षा लांब लहरींत या वायूचे आयन करण्याइतका जोर नसतो. विद्युतप्रवाह उमटतो तो फक्त मधल्या पट्ट्यामुळे, आणि हायड्रोजनची 121.6 नॅनोमीटरची लायमन-अल्फा रेषा नेमकी त्याच पट्ट्यात येते. खिडकी कॅल्शियम फ्लोराइडची केली की तीही अडते. दोन्ही मोजमापांतल्या फरकावरून लायमन-अल्फा वेगळी काढता येते. लोलकाची गरजच नाही!

न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून 1955 आणि 1957 मध्ये रात्री एरोबी रॉकेटं उडाली. लायमन-अल्फाचा उजेड आकाशभर पसरलेला आढळला, सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला सर्वांत मंद. म्हणजे हायड्रोजनचे अणू सूर्याचाच उजेड विखुरत होते. पण हा हायड्रोजन पृथ्वीभोवतीचा, की ग्रहांमधल्या पोकळीतला?

हे ठरवायला डोनाल्ड मॉर्टन आणि परसेल या संशोधकांनी शोधकापुढे हायड्रोजनचीच चाळणी धरली. चाळणीतल्या हायड्रोजनचे रेणू तापलेल्या तारेनं फुटले की सुटे अणू लायमन-अल्फाचा अगदी अरुंद गाभा शोषतात. पृथ्वीसोबत फिरणाऱ्या हायड्रोजनची रेषा त्या गाभ्यात बसते. दूरच्या, वेगळ्या वेगाच्या हायड्रोजनची डॉपलर परिणामानं सरकते. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बहुतेक उजेड शोषला गेला. तो पृथ्वीच्याच हायड्रोजन-प्रभामंडलाचा होता. एप्रिल 1972 मध्ये अपोलो 16 मोहिमेत जॉर्ज कॅरुथर्स यांच्या कॅमेऱ्यानं चंद्रावरून त्याचं छायाचित्र घेतलं.

दुसरी शंकाही खोटी नव्हती. ओजीओ-5 उपग्रहाच्या निरीक्षणांतून 1971 मध्ये दिसलं, की ताऱ्यांमधला हायड्रोजन सूर्यमालेत वाहत येतो आणि तोही याच रेषेत उजळतो.