उरलेला स्क्रू

आमच्या बँकेत संध्याकाळी रोकड एका रुपयानं जास्त भरली, तरी रात्री नऊपर्यंत कुणी घरचं तोंड बघत नाही. मग बैठकीच्या खोलीत एक अख्खा स्क्रू उरल्यावर मला झोप यावी कशी?

त्याचं असं झालं. बाबा गाव सोडून गोंदियाला आमच्याकडे राहायला येणार, असं मोठ्या मिनतवारीनं ठरलं. त्यांच्यासाठी मी नवा पलंग मागवला. तो आला एका चपट्या खोक्यातून! आत फळ्या, स्क्रूची पुडी आणि चित्रांचा कागद. चित्रातला माणूस एकटाच हसत हसत पलंग जोडत होता. तो बी.कॉम. नसावा. रात्री अकराला पलंग उभा राहिला आणि माझ्या मुठीत एक स्क्रू उरला.

ताळा जुळला नाही की कारकून मागच्या नोंदी चाळतो. मीही चाळल्या. ही सुट्या लाकडाची युक्ती चांगलीच जुनी निघाली. व्हिएन्नाच्या मिखाएल टोनेटनं १८५९ साली १४ नंबरची खुर्ची काढली. लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट, बस्स! एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. आमच्या शाखेत तेवढ्या जागेत एक कॅशियर कसाबसा मावतो. पुढं १९५६ साली स्वीडनच्या आयकियानं चपट्या खोक्यांचा धंदा धरला. टेबल मोटारीत मावेना म्हणून कुणीतरी त्याचे पाय काढले, तिथून हे सुचलं म्हणतात.

पण आपला देशही मागं नव्हता. इंग्रज अंमलदारांना छावणीत नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकी खुर्ची निघाली. रुरकी हे लष्करी इंजिनिअरांचं ठाणं, त्याचंच नाव तिला मिळालं. तिला ना खिळा, ना सरस. दांड्यांची निमुळती टोकं पायांच्या भोकांत बसवायची, कापड ताणायचं, झाली खुर्ची. जमीन खडबडीत असली तरी चारी पाय टेकतात. तिच्यावरूनच डेन्मार्कच्या कोरे क्लिंटनं १९३३ साली आपली सफारी खुर्ची बेतली.

हे सगळं मी बाबांना ऐकवलं. ते येऊन दोन दिवस झाले होते, पण पिशवी अजून उघडली नव्हती. त्यांनी पलंगावर हात दाबला. पलंग कुरकुरला.

"काहून गा, येवढे स्क्रू कायले लावले? माही बाज कुठी हाय?"

बाज! बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर. १ मे १९९९ पूर्वी आमचा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे बदलीचं अंगण ऐसपैस. दर बदलीला बाबा दोरी सैल करत, सागाचे चार पाय आणि चार दांड्या सुट्या करून बंडीत टाकत. नव्या गावी लाकडी मोगरीचे चार ठोके आणि दोरी ताणली की संसार उभा! व्हिएन्ना न बघता.

रविवारी गावी जाऊन मी गोठ्याच्या माळ्यावरून ते आठ तुकडे काढून आणले. बाबांनी जोडायला सांगितलं, स्वतः नुसते बघत बसले. त्यांचे हात आता थरथरतात.

"आता दोरी वढ. आनखी वढ! बाज खिळ्यानं नाई, तानानं उभी राह्यते."

मी ओढली. तळहात सोलले, पण बाज हलायची थांबली.

"मामाजी, झोपून तर बघा," ही म्हणाली.

बाबा आडवे झाले, दोन्ही कुशींवर वळून पाहिलं. बाज कुरकुरली नाही. मग उठून त्यांनी पिशवी उघडली, धोतरजोडी काढली आणि पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली.

पलंगावर आता माझी मुलं अभ्यास करतात, म्हणजे झोपतात. स्क्रू माझ्या खिशात आहे. सध्या उचंत खात्यात जमा केलाय.