हाली की कलदार?

निजामाच्या राजवटीत परभणीत दोन रुपये चालत: निजामाचा ‘हाली’ आणि इंग्रजांचा ‘कलदार’. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. म्हणून आकड्यापुढे नाण्याची जातही लिहावी लागे.

१९९९ मध्ये ‘नासा’चे मंगळाकडे धाडलेले यान नष्ट झाले. एका प्रणालीने पौंडात दिलेले आकडे दुसरीने न्यूटनात धरले. जात लिहिलीच नव्हती!

आता ‘रस्ट’सारख्या संगणकभाषांत उत्तर जणू डबीत येते. आत आकडा आहे की चूक, हे उघडून पाहिल्याशिवाय तो वापरताच येत नाही.

आमच्या आजोबांच्या वहीत एका उधारीपुढे जात लिहायची राहिली. आम्ही ती हाली म्हणतो, समोरचे घर कलदार.