झाडांच्या वैद्याने आखलेला तळ

कॅलिफोर्नियातल्या ज्या मराठी कुटुंबांना उन्हाळ्यात मुलाबाळांसह तंबूत राहायची हौस आहे, त्यांना एक कसरत तोंडपाठ असते. तिथल्या राज्य उद्यानांमधल्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता उघडतं आणि समुद्राकाठच्या मोक्याच्या जागा बघता बघता संपतात. म्हणून आदल्या रात्रीच नकाशा काढून नंबर हेरून ठेवावे लागतात. नकाशा जंगलातल्या तळाचा असो की किनाऱ्यावरच्या, चित्र बहुधा एकच. मुख्य रस्त्यापासून निघून गोल फिरून परत येणारा एकेरी रस्ता. त्याला फुटलेले तिरके, आखूड फाटे. प्रत्येक फाट्याला नंबर, आणि त्या नंबराच्या वाट्याला एक टेबल, एक चूल आणि तंबूपुरती सपाट जागा.

ही आखणी कुणा हॉटेलवाल्याच्या डोक्यातून आलेली नाही. ती एका वनस्पतिरोगतज्ज्ञाची आहे, आणि ती करताना त्याच्यापुढे पाहुण्यांच्या सोयीआधी झाडांच्या मुळांचा प्रश्न होता.

त्याच्याही आधीपासून अमेरिकेत कॅम्पग्राउंड होतीच, पण ती भजन-प्रवचनाची. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी १८३५ साली ओकच्या राईत पहिला मेळा भरवला. मध्ये प्रवचनाचा मंच, भोवती तंबूंचं कडं. एकेका गावच्या मंडळीचा एकेक मोठा तंबू, आत जमिनीवर पेंढा, आणि मधोमध कनात लावून बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. पालखीतळावर दिंड्यांच्या राहुट्या पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगायला नको. पुढे त्या तंबूंच्याच जागी कोरीव झालरींची चिमुकली लाकडी घरं उभी राहिली. त्यांतली तीनशेहून अधिक आजही आहेत.

मग मोटार आली आणि सगळं विस्कटलं. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली ८५० डॉलरला होती, १९२५ पर्यंत ती ३०० डॉलरच्या आत आली. मास्तर, शेतकरी, दुकानदार, सगळेच मागच्या सीटवर तंबू टाकून निघाले आणि संध्याकाळी दिसेल त्या शेतात, शाळेच्या अंगणात मुक्काम ठोकू लागले. त्यांना आवरायला, आणि त्यांचे चार पैसे गावातल्या दुकानांत खर्च व्हावेत म्हणूनही, गावोगावच्या नगरपालिकांनी मोटारवाल्यांसाठी फुकट तळ उघडले. डेन्व्हरच्या ओव्हरलँड पार्कमध्ये तर सुमारे ८०० गाड्यांची सोय होती. पुढे कामाच्या शोधात भटकणारी गरीब कुटुंबंही तिथे मुक्कामाला येऊ लागली, तेव्हा दर रात्रीचं भाडं सुरू झालं. नको ती माणसं भाडं लावून बाहेर ठेवायची ही युक्ती तशी कुठल्याच देशाला नवी नाही.

गावातल्या मैदानाचं एक ठीक. जंगलात काय चाललं होतं, ते एमिलिओ माइनेके याने पाहिलं. हा जन्माने कॅलिफोर्नियाचा, शिकला जर्मनीत, आणि सॅन फ्रान्सिस्कोत राहून सरकारसाठी जंगलातल्या झाडांच्या रोगांचा अभ्यास करायचा. १९२० च्या दशकात त्याला कॅलिफोर्नियाच्या रेडवूड उद्यानांकडे बघायला सांगण्यात आलं. शंभर मीटरपर्यंत जाणारी ही झाडं, पण त्यांना सोटमूळ नसतं. मुळं दोन-चार मीटर खोल जातात आणि आडवी मात्र लांबवर पसरतात. म्हणजे एवढ्या अजस्र झाडाचा सगळा कारभार वरच्या भुसभुशीत मातीत. माणसांची पावलं आणि गाड्यांची चाकं ती माती दाबून टणक करत होती. टणक मातीत पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, आणि कोवळी मुळं गुदमरतात.

यात कुणी मुद्दाम दुष्टपणा करत नव्हतं. एक कुटुंब यायचं, गाडी थेट सावलीत, बुंध्याला खेटून लावायचं. कंदिलासाठी खोडात खिळा, दोन दगड मांडून मुळांवरच चूल. दुसऱ्या दिवशी नवीन कुटुंब. त्यांना जुनी राख नको असायची, म्हणून चूल चार पावलं पलीकडे, तंबू आणखी तिसरीकडे. काहीच ठरलेलं नसल्यामुळे प्रत्येक जण घर नव्याने मांडायचा, आणि काही हंगामांत तिथलं झुडूपन् झुडूप नाहीसं व्हायचं. झुडपं डोळ्यांदेखत मरतात, मोठी झाडं मात्र वर्षानुवर्षं खंगत जातात, आणि ती पडतात तेव्हा दोष कुणाला द्यायचा हे कळत नाही. तळ उजाड झाला की उद्यानाचं खातं शेजारी नवा तळ उघडायचं आणि तोच खेळ तिथे सुरू.

१९३२ साली माइनेकेने ‘अ कॅम्प ग्राउंड पॉलिसी’ ही छोटी पुस्तिका लिहिली. लोकांना बंदी घालणं त्याला जमण्यासारखं वाटत नव्हतं, पाट्या लावून सुधारणा होईल यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने मोटारीला बांधून टाकलं. रस्ता एकेरी केला, कारण समोरून गाडी येणार नसेल तर रस्ता अरुंद चालतो आणि झाडंही कमी तोडावी लागतात. फाटे वाहतुकीच्या दिशेने तिरके काढले, म्हणजे गाडी एका वळणात आत शिरते. फाट्याच्या कडेला मोठाले दगड किंवा ओंडके अर्धवट पुरले, म्हणजे चाक पुढे सरकत नाही. टेबल इतकं जड केलं की हलवता येऊ नये, चूल दगडांत बांधून काढली. गाडी, टेबल आणि चूल या तीन गोष्टी जागच्या जागी रोवल्या की माणूस आपसूक त्यांच्यामध्येच वावरतो. तुडवली जाणारी जमीन ठरून जाते आणि उरलेली वाचते. दोन जागांच्या मध्ये झुडपांचा एक पट्टा कुणालाही न देता सोडायचा. तेवढ्याने आडोसाही मिळतो. कॅम्पिंगला गेल्यावर जो एकांत वाटतो, तो बराचसा या पट्ट्याच्या जिवावर. मला हे सगळं फार हुशारीचं वाटतं.

नशिबाने त्याला हातही मिळाले. महामंदीत रूझवेल्ट सरकारने १९३३ साली बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर काढलं. महिना ३० डॉलर पगार, त्यातले बहुतेकांचे २५ थेट घरी. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख पोरं त्यातून गेली, आणि देशभरच्या उद्यानांत त्यांनी जे तळ बांधले ते बहुतांशी याच नमुन्यावर.

पण नमुना होता मोटार आणि तंबू यांचा. आखणी पुरती रुळलीही नव्हती तोच गाड्यांमागे चाकांवरची घरं आली. १९३५ साली माइनेकेनेच ‘द ट्रेलर मेनेस’ नावाने धोक्याची घंटा वाजवली. लांबलचक ट्रेलर तिरक्या फाट्यात मागे घेणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि त्याच्यासाठी वळणं रुंद केली की झाडं गेलीच. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९६२ साली मोंटॅनातल्या बिलिंग्ज गावी, सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्यांची रांग पाहून डेव्ह ड्रमने यलोस्टोन नदीकाठी रात्रीला पावणेदोन डॉलर भाड्याचा तळ काढला, गरम पाण्याच्या न्हाणीघरासकट. त्यातूनच केओए नावाची खासगी तळांची साखळी उभी राहिली. तिथे झुडपाच्या पट्ट्यापेक्षा पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाण्याची नळी यांना मान.

आज जागा निवडताना ही दोन घराणी ओळखता आली की अर्धं काम होतं. नकाशात फाटे वाकडेतिकडे आणि एकमेकांपासून लांब असतील तर तो माइनेकेच्या वळणाचा तळ, तंबूवाल्यांनी आणि लहान मुलं असलेल्यांनी तिथे जावं. गोलाच्या आतल्या बाजूपेक्षा बाहेरची जागा घ्यावी, पाठीमागे शेजार नसतो. समुद्राकाठी जपायचं असतं ते झाडांच्या मुळांऐवजी वाळूच्या टेकड्यांवरचं गवत. मेरिलँडच्या किनाऱ्याला लागून असलेल्या आसाटीग बेटावर तंबूला लांब, वाळूत धरणारे खुंटे लागतात, आणि उघड्यावर ठेवलेलं अन्न तिथले रानटी घोडे सरळ उचलून नेतात. खाडीच्या बाजूला वारा कमी आणि डास जास्त. आरव्हीवाल्यांनी, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन निघालेल्यांनी, मात्र देखाव्याआधी लांबीचा आकडा बघावा. योसेमिटीच्या अप्पर पाइन्समध्ये ३५ फुटांपुढची आरव्ही घेत नाहीत. आपली ३८ फुटी गाडी भाड्याने ठरली असेल, तर जुन्या जंगलाचा हट्ट सोडून नळ-खांबवाला तळ धरावा. तिथे आरपार जाणारे सरळ फाटे मिळतात आणि गाडी मागे घेताना बाहेर उभं राहून हात हलवणाऱ्या नवऱ्यावर कुणी खेकसत नाही.