कागदावरच्या खेळाडूची कारकीर्द

मधल्या सुट्टीत मैदानावर जागा न मिळालेली मुले बाकावरच जो सामना खेळत, त्याला ‘बुक क्रिकेट’ म्हणत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आज चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना तो आठवेल. पाठ्यपुस्तक मिटून कुठेही उघडायचे. डाव्या पानाच्या क्रमांकातील शेवटचा अंक म्हणजे धावा, आणि शून्य आले की फलंदाज बाद. डावे पान सम क्रमांकाचे असल्याने ०, २, ४, ६ आणि ८ हे पाचच अंक संभवतात. आठाला एक धाव धरली (तशी पुष्कळ ठिकाणी पद्धत होती), तर प्रत्येक फलंदाजाची सरासरी १३ येते आणि दहा गडी बाद होईपर्यंत संघाच्या सरासरी १३० धावा होतात. गणित चोख आहे, पण त्यात माणूस नाही. कसोटीत ५१.१२ची सरासरी राखणारे सुनील गावसकर आणि ४.०७ची सरासरी असलेले भागवत चंद्रशेखर पुस्तकाच्या पानावर एकाच तोलाचे फलंदाज ठरतात.

ही उणीव अमेरिकेत फार पूर्वी दूर झाली. १९५१ साली ‘अ‍ॅपबा’ने आणि १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ने बेसबॉलच्या प्रत्येक खेळाडूचा, त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीवर बेतलेला पत्ता काढला. फासे तेच, परंतु पत्ता निराळा, म्हणून निकाल निराळा. पुढे फाशांचे काम संगणकाने घेतले. २०१७ साली सुरू झालेली आणि नंतर आंतरराष्ट्रीय सिम्युलेशन फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाऊ लागलेली स्पर्धा याच घराण्यातली. फरक असा, की येथील खेळाडू संपूर्णपणे काल्पनिक असतात. प्रत्येक सभासद एक खेळाडू निर्माण करतो आणि सामना संगणकाचा प्रोग्रॅम खेळवतो.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा आहे, एवढीच आपल्या वाचकाची अडचण. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, तो गेला तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, तो झेलायला धावणारा रिसीव्हर, क्वार्टरबॅकला कवच देणारी ऑफेन्सिव्ह लाइन आणि या साऱ्यांना अडवणारा बचाव, इतके कळले की सामन्याचा वृत्तान्त वाचता येतो. कबड्डीत चढाई करणारा आणि साखळी धरणारे कोपरे यांची कामे जशी वेगळी, तशीच येथेही. या खेळाचा मुंबईशी एक संबंध जुळला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरले आणि त्यातच या खेळाचा धसमुसळेपणा वगळलेला, पाच-पाच जणांचा फ्लॅग फुटबॉल २०२८च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकसाठी मंजूर झाला. क्रिकेटही त्याच ठरावाने ऑलिम्पिकमध्ये परतले. आपल्याकडे चर्चा अर्थातच त्याचीच झाली.

खेळाडू घडवताना पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्याच्या जागेचा. नवागताला क्वार्टरबॅक व्हावेसे वाटते. पण संघाला एका वेळी तो एकच लागतो, त्यामुळे चांगल्या खेळाडूचाही काळ राखीव बाकावर जाऊ शकतो. बचावातल्या लाइनबॅकरला किंवा कॉर्नरबॅकला लवकर संधी मिळते आणि त्याच्या नावावर आकडेही जमतात. त्यानंतर ठरावीक गुण वेग, ताकद, चपळता, हातांची पकड, बुद्धी अशा रकान्यांत वाटायचे. येथे मोह आवरावा लागतो. एखादा गुण जसजसा वर जातो, तसतशी त्याची पुढची पायरी महाग होत जाते. त्यामुळे प्रारंभीच सारी पुंजी एका वेगावर उधळणारा लवकर अडखळतो. आपल्या जागेला लागणारे दोन-तीन गुण आधी आणि शोभेचे नंतर, हा क्रम बरा.

नवे खेळाडू आधी दुय्यम लीगमध्ये उतरतात आणि मग मुख्य लीगच्या ‘ड्राफ्ट’ला सामोरे जातात. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो. ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने निवड करतात आणि साधारणतः दुबळ्या संघाची पाळी आधी येते. निवडताना व्यवस्थापक केवळ आकडे पाहत नाहीत. हा सभासद दर आठवड्याला हजेरी लावील का, संघाच्या चर्चेत भाग घेईल का, हेही पाहतात. कारण पुढचे गुण त्यानेच कमवायचे असतात. हे गुण प्रत्यक्ष सामन्यातून फारसे येत नाहीत. साप्ताहिक सराव, निकालांचे अंदाज, छोटी लेखनकामे यांतून ते जमतात. सामन्यांवर लेख लिहिला तर लीगचे खोटे चलन मिळते आणि त्यातून अधिक प्रशिक्षण विकत घेता येते. लिहिता हात असलेल्याचा खेळाडू पुढे जातो, हे या स्पर्धेचे मोठे गमतीदार वैशिष्ट्य.

सामना सुरू झाला की मात्र मालकाच्या हाती काहीच उरत नाही. व्हिडिओ गेमसारखे बटण दाबून येथे चेंडू झेलता येत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री ९ वाजता दाखवला जाणारा सामना आपल्याकडे सकाळी साडेसहाला, तिकडच्या हिवाळ्यात साडेसातला सुरू होतो. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्याला निकाल गाडीतच वाचावा लागेल. पण दोन्ही हात दांडीला असले तरी काही बिघडत नाही, कारण तयारी आधीच झालेली असते. रोज दोन-तीन तास प्रवासात घालवणाऱ्या माणसाला परवडेल असा हा छंद आहे तो याचमुळे.

यात खरा पैसा नाही, ही बाब पारखून घ्यावी. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच महिन्यात ‘ड्रीम इलेव्हन’ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ या बंदीतून वगळलेले आहेत. तेव्हा प्रवेशासाठी रक्कम आणि जिंकल्यास रोख, असे कोणी सांगू लागले तर तो सिम्युलेशन लीगचा सभासद होण्याचा मार्ग नव्हे.

काही हंगाम उलटले की कागदावरच्या खेळाडूलाही वय गाठते. प्रत्येक हंगामाअखेर त्याचे गुण कापले जातात, कपात वाढत जाते आणि नव्या कमाईने ती भरून निघेनाशी होते. कोणी संघाला विजेतेपदाची आशा असेतो त्याला ओढत नेतो, तर कोणी तो अजून संघात हवाहवासा असतानाच निवृत्ती जाहीर करतो. त्यानंतर तोच सभासद नवे नाव, नवी जागा घेऊन पुन्हा दुय्यम लीगच्या दारात उभा राहतो. दुसऱ्या वेळी सहसा कोणी क्वार्टरबॅक मागत नाही.