क्षेपणास्त्रांचं गणित आणि घरातली मुलं

इंजिनिअरिंगला 'कंट्रोल सिस्टिम्स' हा विषय ज्यांनी रडतखडत काढला, त्यांच्यासाठी आजचा किस्सा. चीनच्या 'एक कुटुंब, एक मूल' धोरणामागचं गणित मांडणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणावर काम करणारा एक इंजिनिअर! नाव सोंग ज्यान, शिक्षण मॉस्कोत. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये त्याची गाठ ओल्सडर नावाच्या गणितज्ञाशी पडली. हे गृहस्थ कंट्रोल थिअरीची समीकरणं लोकसंख्येला लावून बघत होते. त्यांच्या लेखी तो एक छान गणिती प्रश्न होता. सोंगनं ती कल्पना थेट घरी नेली.

घरी त्याला अडवणारं फारसं कुणी नव्हतं. माओच्या काळात समाजशास्त्र विद्यापीठांतून हद्दपार झालं होतं. १९५७ मध्ये लोकसंख्येबद्दल इशारा देणारे अर्थतज्ज्ञ मा यिनचू यांना १९६० मध्ये कुलगुरुपद सोडावं लागलं. कॉम्प्युटर होते ते संरक्षण खात्याकडे. १९८० साली सोंग आणि मंडळींनी शंभर वर्षांचे आलेख काढले. बाईमागे सरासरी तीन मुलं धरली तर २०८० मध्ये चीन ४०० कोटींच्या पुढे, आणि देशाला झेपणारी संख्या ६५ ते ७० कोटी. तेव्हाच लोकसंख्या ९८ कोटींच्या आसपास होती. उत्तर एकच निघणार होतं.

आता गंमत बघा. १९७० मध्ये बाईमागे सुमारे ५.८ मुलं होती, ती १९७९ पर्यंत तीनच्याही खाली आली होती. 'उशिरा लग्न, मुलांत अंतर, कमी मुलं' या मोहिमेनं. (तीही काही फार प्रेमळ मोहीम नव्हती.) म्हणजे आकडा आधीच घसरत होता, आणि आलेख मात्र तो शंभर वर्षं जागचा हलणार नाही असं धरून काढलेले. माणसं स्वतःहून बदलतात, हे इनपुट त्यात कुठेच नव्हतं.

२५ सप्टेंबर १९८० ला पक्षाच्या सदस्यांना खुलं पत्र गेलं: एकच मूल. तीस वर्षांनी वेगळं धोरण आणता येईल, असंही त्यात लिहिलं होतं. १९८३ या एकाच वर्षात दोन कोटींवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक बायकांवर. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पहिला लोकसंख्या पुरस्कार चीनचे मंत्री छ्यान शिनचोंग यांना मिळाला. विभागून. दुसऱ्या मानकरी इंदिरा गांधी! १९७६-७७ मध्ये आपल्याकडे ८० लाखांवर नसबंदी झाल्या होत्या. त्यातल्या किती राजीखुशीच्या, ते वेगळं सांगायला नको. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानंही तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. असो.

खेड्यांनी धोरण जुमानलं नाही, तेव्हा १९८४ पासून बऱ्याच प्रांतांत सवलत आली: पहिली मुलगी असेल तर दुसरं मूल चालेल. म्हणजे मुलगी हे अर्धंच अपत्य, असं सरकारनंच लिहून दिलं की! त्यात सोनोग्राफी आली. २०१० च्या सुमारास शंभर मुलींमागे ११८ मुलगे जन्मत होते. परवानगीशिवाय जन्मलेल्या कित्येक मुलांची नोंदच झाली नाही. नोंद नाही म्हणजे शाळा नाही, दवाखाना नाही, रेल्वेचं तिकीटसुद्धा मुश्किल. २०१० च्या जनगणनेत असे बिननोंदीचे १ कोटी ३० लाख लोक निघाले, सगळे जादा मुलं नसले तरी मोठा हिस्सा त्यांचाच.

२०१६ पासून दोन मुलांना परवानगी मिळाली, २०२१ मध्ये तीनला. २०२२ मध्ये चीनची लोकसंख्या साठ वर्षांत पहिल्यांदा घटली. परवानगी आहे, पण घराचे हप्ते, शाळेचा खर्च आणि एकट्याच्या डोक्यावर दोन्हीकडचे म्हातारे आईबाप. एकुलत्या पिढीनं तिसरं मूल आणायचं कुठून?

मला यातलं सगळ्यात टोचलं ते मे २००८. सिचुआनच्या भूकंपात शाळा कोसळल्या आणि हजारो मुलं गेली. पुष्कळ घरांतलं ते एकुलतं एक मूल होतं. एकुलतं मूल गमावलेल्या आईबापांसाठी चिनी भाषेत शब्दच आहे, 'शिदू'. भूकंपानंतर सरकारनं या आईबापांना आणखी एका मुलाची परवानगी दिली. नसबंदी उलटवण्यासाठी डॉक्टरांची पथकंही पाठवली. त्यातल्या बऱ्याच आयांनी तोवर चाळिशी गाठली होती.